क्लाऊडवर टाकलंय, म्हणजे नक्की कुठं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तुम्ही कितवीत होता? बहुतेक जण शाळेतच असाल. शाळा बंद होत्या, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती (धोक्याची पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं) आणि पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली होता. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, तेच पुन्हा. पाणी तर आधीपेक्षा थोडं जास्तच.

पूर ओसरल्यावर घराघरातून काय काय बाहेर काढलं ते तुम्ही पाहिलंय. गाद्या, फ्रीज, भिजलेली पुस्तकं. दुकानांतून आणखी एक वस्तू निघत होती, तिच्याकडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. टेबलाखाली ठेवलेला सीपीयू. टेबलाखालीच का? कारण आपल्याकडं सीपीयू ठेवायची जागा तीच. पाणी आलं की पहिल्यांदा तोच जातो, आणि त्याच्याबरोबर जातो हिशेब. उधारी कुणाकडं किती, माल कुणाचा किती आला, जीएसटीचं कुठलं बिल भरायचं राहिलंय.

समजा, शाहूपुरीत तुमच्या मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे. पुरानंतर मामांनी शहाणपण केलं. महिन्याला ठरावीक पैसे घेणारं एक बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं, सगळा हिशेब त्यावर चढवला. आता ते निवांत आहेत. "कसलं टेन्शन न्हाई आता. क्लाऊडवर टाकलंय."

मामांचा निर्णय बरोबरच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण "क्लाऊडवर टाकलं की झालं" हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायची जबाबदारी तुमच्यावर येणार आहे. कारण उद्या मामांच्या दुकानात, गावच्या दूध संस्थेत, पतसंस्थेत, नाहीतर राजारामपुरीतल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत हा डेटा सांभाळायला बसणारा माणूस तुम्हीच आहात.

ढगाचा पत्ता

क्लाऊड म्हणजे आकाशात काही नसतं, हे एव्हाना माहीत झालंय. पण मग असतं कुठं? आपल्या बाबतीत उत्तर बरंच जवळचं आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये भारतात आपली केंद्रं सुरू केली, त्यातलं एक पुण्यात. ॲमेझॉनची क्लाऊड सेवा २०१६ मध्ये मुंबईतून सुरू झाली, गूगलची २०१७ मध्ये, तीही मुंबईतूनच. म्हणजे मामांचं बिल बहुधा याच हायवेनं वर जाऊन पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या बिल्डिंगमध्ये बसलेलं असतं. भिंती असतात, एसी असतो, जनरेटर असतो, दारावर वॉचमनही असतो. तिथं पंचगंगा येत नाही. पण पूर एकाच प्रकारचा असतो असं थोडंच आहे?

दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. डिजिटल कारभारात जगात पुढं असलेला देश. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम बॅटऱ्या हलवायचं काम चालू होतं, तिथून ती सुरू झाली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या, त्यातल्या बऱ्याच पुढं हळूहळू परत आल्या. जी-ड्राइव्ह मात्र आलं नाही. हे सरकारी कर्मचाऱ्यांनी फाइली ठेवायचं सामायिक ड्राइव्ह. फाइली स्वतःच्या कॉम्प्युटरवर न ठेवता तिथं ठेवा, असं त्यांना सांगितलेलं होतं. ८५८ टेराबाइट डेटा जळाला आणि त्याची दुसरी प्रत कुठंच नव्हती. कारण काय, तर एवढा मोठा डेटा बाहेर कॉपी करून ठेवणं जमत नव्हतं. म्हणजे ज्यांनी सांगितलेलं ऐकलं, त्यांचंच जास्त गेलं.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. युनिसुपर हा तिथला मोठा पेन्शन फंड, सहा लाखांहून जास्त सभासद. मे २०२४ मध्ये त्यांची गूगल क्लाऊडवरची मोठी यंत्रणाच उडाली. ना आग, ना हॅकर. वर्षभरापूर्वी सेटअप करताना एका अंतर्गत टूलमध्ये एक रकाना रिकामा राहिला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ यंत्रणेनं "एका वर्षाची मुदत" असा लावला, आणि वर्ष संपल्यावर इमानेइतबारे सगळं पुसून टाकलं. डेटा दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवला होता, दोन्हीकडचं गेलं, कारण पुसायचा हुकूम दोन्हीकडं पोहोचला. तरीही लोकांची पेन्शन वाचली. बॅकअप निराळे ठेवलेले होते, एका वेगळ्या कंपनीकडंही होते. आठवडाभराहून जास्त काळ सभासदांना आपलं खातं उघडता आलं नाही, पण पैशाचा हिशेब परत आला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. क्लाऊड कंपनी किती मोठी आहे, देश किती पुढारलेला आहे, याच्याशी निकालाचा संबंध नव्हता. कुणीतरी कधीतरी "आणि हे सगळंच गेलं तर?" असं विचारलं होतं का, एवढाच फरक.

इथं एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो तुमच्या फोनमध्येही आहे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. ड्राइव्हला जोडलेल्या फोल्डरमधली फाइल लॅपटॉपवरून डिलीट केली की ती ड्राइव्हवरूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते, मग कायमची गेली. सिंकचं काम दोन्हीकडं सारखं ठेवणं. तुम्ही चूक केली तर ती चूकही तो इमानदारीनं दोन्हीकडं सारखी ठेवतो.

क्लाऊडवाल्या कंपन्या हे लपवत नाहीत. त्यांच्या करारात "सामायिक जबाबदारी" नावाचा भाग असतोच. बँकेतल्या लॉकरसारखं आहे ते. दार, भिंत, पहारा बँकेचा. आत काय ठेवलं, किल्ली कुणाकुणाला दिली, पाटल्या ठेवल्यात की त्यांची नुसती पावती, ते तुमचं. मामांनी किल्ली कुणाला दिलीय विचारा. दुकान सोडून गेलेल्या पोराचा लॉगिन अजून चालू असेल, पैज लावा.

दूध घालताना जे होतं ते

आता "नवं तंत्रज्ञान" म्हणून जे काही आपल्याला सांगितलं जातं, म्हणजे सेन्सर, आयओटी, एज कम्प्युटिंग, एआय, ते मामांच्या दुकानापेक्षा गावच्या डेअरीत आधी पोहोचलंय. पहाटे किटली घेऊन गेला असाल तर आठवा. काट्यावर दूध ओतलं, मशीननं फॅट आणि एसएनएफ काढलं, दर लागला, पावती आली. दिवसातून दोनदा. दहा दिवसांनी बिल. ही पावती म्हणजे डेटाचा एक कण. एका गावात दोनशे जण दूध घालत असतील तर दिवसाला चारशे कण, आणि प्रत्येक कणामागं कुणाच्या तरी म्हशीचा चारा, कुणाची तरी कॉलेजची फी.

पूर्वी हे रजिस्टरमध्ये असायचं. आता मशीन ते थेट क्लाऊडवर पाठवू शकतं. ऐकायला सोपं वाटतं. आता खरी गंमत बघा.

गाव डोंगराच्या कुशीत, रेंज कधी आहे कधी नाही. म्हणून मशीनमध्येच थोडी अक्कल आणि थोडी मेमरी ठेवतात. रेंज नसेल तर पावत्या साठवायच्या, रेंज आली की पाठवायच्या. यालाच एज कम्प्युटिंग म्हणतात, म्हणजे काम मधल्या मोठ्या कॉम्प्युटरवर न ढकलता काठावरच उरकायचं. आता मशीननं पावती पाठवली. क्लाऊडनं ती घेतली आणि "मिळाली" असा निरोप धाडला. तेवढ्यात रेंज गेली. निरोप मशीनपर्यंत पोहोचलाच नाही. मशीन बिचारं प्रामाणिक, त्यानं तीच पावती पुन्हा पाठवली. क्लाऊडवर दोन पावत्या. सहा लिटरचे झाले बारा लिटर.

याच्यावरचा उपाय तुमच्या पुस्तकात आयडेम्पोटन्सी या भयंकर नावाखाली सापडेल. व्हायव्हात सांगताना जीभ वळत नाही. अर्थ मात्र संस्थेच्या सचिवालाही कळेल असा आहे. प्रत्येक पावतीला असा एक नंबर द्यायचा की तो पुन्हा कुणाला मिळणार नाही. संस्था कोड, सभासद कोड, तारीख, पाळी, अनुक्रमांक. तोच नंबर दुसऱ्यांदा आला की क्लाऊडनं म्हणायचं, "हे आलंय आधीच," आणि गप्प बसायचं.

पण तारीख बरोबर असेल तर ना! मशीनमधलं छोटं सेल संपलं की घड्याळ मागं जातं, काही मशीन थेट २००० सालात पोहोचतात. संध्याकाळचं दूध सकाळच्या पाळीत पडतं, नाहीतर पंचवीस वर्षांपूर्वीच्या बिलात. मग सभासद कोड. मशीन म्हणतं ०४७, एक्सेल म्हणतं ४७, कारण एक्सेलला पुढचं शून्य आवडत नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. आणि नावावरून जुळवायला जावं तर एका गावात त्याच नावाचे, त्याच आडनावाचे चार पाटील. गावात त्यांना वाड्याच्या नावानं, आईच्या माहेरावरून किंवा एखाद्या जुन्या भानगडीवरून ओळखतात. सॉफ्टवेअरमध्ये भानगडीचा रकाना नसतो.

अजून एक खास आपली अडचण आहे, ती कॅलिफोर्नियात बसून कळायची नाही. फॉन्ट. कित्येक संस्थांचे, पतसंस्थांचे जुने हिशेब आणि सभासद याद्या श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत कॉम्प्युटरनं साठवलेली असतात वेगळीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाइल जशीच्या तशी क्लाऊडवर चढवली की तिथं तो फॉन्ट नसतो, आणि "कोल्हापूर"च्या जागी डॉलर, कंस आणि उलटे प्रश्नचिन्ह अवतरतात. सर्च चालत नाही. एआयला दिलं तर तोही हात जोडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे हात न जोडता काहीतरी ठोकून देतो. आधी सगळं युनिकोडमध्ये आणावं लागतं. कन्व्हर्टर आहेत, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांच्यात घोळ होतोच. मग माणूस बसवून एकेक नाव तपासावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. पण इंटर्नशिप शोधत हिंडणाऱ्यांनो, हे काम आपल्या जिल्ह्यात पडून आहे आणि ते बंगळूरवाल्याला जमणार नाही.

वारणेनं पंचवीस वर्षांपूर्वी काय शिकवलं

हे सगळं आत्ता सुरू झालं असं समजू नका. पन्हाळा तालुक्यातलं वारणानगर माहीत आहे ना? तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकाराचा पसारा, साखर कारखाना, दूध, सगळं. १९९८ मध्ये, म्हणजे तुमचा जन्म व्हायच्याही आधी, केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून तिथं "वायर्ड व्हिलेज" प्रकल्प सुरू केला. तांत्रिक काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, म्हणजे एनआयसीचं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली आजूबाजूची सुमारे ७० गावं घेतली. गावात कॉम्प्युटर बसवायचे, ते वारणानगरशी जोडायचे, शेतकऱ्याला सगळी माहिती गावातच द्यायची. क्लाऊड हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, पण कल्पना ओळखीची वाटते की नाही? डेटा एका जागी, माणसं गावोगावी.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर केंद्रातले संशोधक हे सगळं बघायला आले. गावातल्या कॉम्प्युटरवर शेतकऱ्याला मुळात काय पाहिजे होतं? माझ्या उसाचं वजन किती भरलं, खतापोटी किती कापलं, बिल किती आणि कधी. एवढंच. आणि एवढ्यासाठी अख्खा पीसी, त्याची दुरुस्ती, वीज, जोडणी आणि तो चालवणारा माणूस. शेतकऱ्यानं केंद्र उघडं असेल त्या वेळेत तिथं जायचं.

मग त्यांनी एक प्रयोग केला, "वारणा अनवायर्ड". सात गावांत आठ महिने. पीसीच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस. शेतकऱ्यानं ठरलेल्या पद्धतीनं मेसेज पाठवायचा, उत्तर मेसेजनं यायचं. पीसी जे जे करत होता ते सगळं त्यातून झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. रात्रीही विचारता येत होतं ना! राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांचा यावरचा शोधनिबंध आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांनी फायनल इयर प्रोजेक्टचा विषय ठरवायच्या आधी तो एकदा वाचावा. दर वर्षी ब्लॉकचेन घालून केलेले दहा प्रोजेक्ट मी पाहतो. त्यातल्या आठांना तो कशासाठी घातला हे सांगता येत नाही.

वारणेत डेटा तोच होता. तो कुणाला, कधी, कुठल्या रूपात लागतो हे कुणीतरी गावात जाऊन विचारलं, तेव्हा अर्धं यंत्र गळून पडलं.

आता या चित्रात एआय आलाय. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं ऊस शेतीत एआय वापरायचा प्रयोग सुरू केला, पहिल्या टप्प्यात सुमारे एक हजार शेतकरी. उपग्रहाची चित्रं, हवामान केंद्र, जमिनीतले सेन्सर, सगळं क्लाऊडवर जातं आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत सल्ला येतो. सत्या नडेला यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं, ते तुम्ही रीलमध्ये पाहिलंही असेल. ऊस म्हटल्यावर कोल्हापूरकर गप्प कसा बसेल? इकडंही ते येणारच. आल्यावर पहिल्या दिवशी काय विचारायचं ते मात्र वारणेनं शिकवून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. माझ्या रानाचा हा सगळा डेटा आता कुणाचा? माझा, ट्रस्टचा, कारखान्याचा की सॉफ्टवेअर कंपनीचा? मी उद्या दुसरीकडं गेलो तर तो मला घेऊन जाता येईल का?

हा घेऊन जायचा प्रश्न मामांनाही लागू आहे. क्लाऊडमध्ये डेटा आत घालायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. २०२४ मध्ये गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टनं एकापाठोपाठ जाहीर केलं की कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकाला डेटा बाहेर नेण्याचे पैसे लावणार नाही. छान. पण मामांनी करार त्यांच्याशी केलेलाच नाही. मामांचा करार बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याशी, त्या सॉफ्टवेअरवाल्याचा करार आणखी कुणाशी. सॉफ्टवेअरवाला उद्या शटर ओढून गेला तर पुण्यातली ती बिल्डिंग जागेवर असेल, डेटाही असेल, आणि मामांना तो दिसणार नाही.

अशी साखळी तुटली की काय होतं ते ३१ जुलै २०२४ ला देशानं पाहिलं. सी-एज टेक्नॉलॉजीज ही टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँकेची भागीदारीतली कंपनी, छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना बँकिंगची यंत्रणा पुरवणारी. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचा संशय आला आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं, तिला आपल्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक अडकले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत सुरू झाली. त्या बँकांचं स्वतःचं कदाचित काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी आपला डेटा एका चांगल्या, मोठ्या घरात भाड्यानं ठेवला होता, इतकंच. स्वस्त पडतं, छोट्या बँकेला स्वतःची यंत्रणा परवडतही नाही. पण तीनशे जणांनी एकाच छपराखाली ठेवलं की एक कौल फुटला तरी तीनशे जणांवर गळतं.

कायद्याची बाजूही आता बदलली आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्यानं, दीड वर्षाच्या मुदतीनं लागू होणार आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. आकडा बघून घाबरू नका, तो वरचा टोकाचा आकडा आहे. त्यातलं महत्त्वाचं कलम वेगळंच आहे. लोकांची माहिती ज्यानं गोळा केली, जबाबदारी त्याची. ती सांभाळायला त्यानं दुसऱ्या कंपनीला दिली असली तरीही. "आमचं सगळं क्लाऊडवर आहे, त्यांना विचारा," हे उत्तर चालणार नाही.

आणि हे फक्त कंपन्यांचं नाही. तुमच्या कॉलेजच्या गॅदरिंगची गोष्ट करू. मागच्या वर्षी नावनोंदणीसाठी गूगल फॉर्म काढला होता. नाव, मोबाइल नंबर, ईमेल, वर्ग, ब्लड ग्रुप (तो का विचारला होता, कुणास ठाऊक), मुलींचे नंबरही त्यातच. पाचशे-सहाशे जणांनी भरला असेल. उत्तरांची शीट कमिटीच्या ग्रुपवर टाकताना कुणीतरी "लिंक असलेला कुणीही" असं सेटिंग केलं, कारण प्रत्येकाचा ईमेल घालत बसायला वेळ नव्हता. तो ग्रुप अजून आहे. ती लिंकही आहे. शीट कुणाच्या खात्यावर आहे? गेल्या वर्षीच्या जीएसच्या. तो आता पुण्यात नोकरीला. त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर असेल तर ते खातं एक दिवस बंद होईल आणि शीट त्याच्याबरोबर जाईल. वैयक्तिक ईमेलवर असेल तर सहाशे जणांचे नंबर त्याच्या ड्राइव्हवर आयुष्यभर पडून राहतील, त्यालाही आठवण नसताना. हाच तुमचा क्लाऊडवरचा बिझनेस, आणि तुम्हीच त्याचे मॅनेजर.

बॅकअपबद्दल एक गोष्ट राहिली. गिटलॅब नावाची कंपनी, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी. ३१ जानेवारी २०१७ ला तिच्या एका इंजिनिअरनं रात्री दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड मारली. क्षणात लक्षात आलं, थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीतलं जवळपास सगळं गेलं होतं. हरकत नाही, बॅकअप आहेत की! पाच वेगवेगळ्या पद्धतींनी ठेवलेले. एकेक उघडून बघितला तर त्यातला एकही धड चालत नव्हता. कुठं फाइल रिकामी, कुठं बॅकअप फेल झाल्याचे ईमेलच पोहोचत नव्हते. शेवटी त्याच इंजिनिअरनं सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी, हातानं काढून ठेवलेली एक प्रत सापडली, म्हणून कंपनी वाचली. सहा तासांचं काम मात्र गेलं. त्यांनी एक दिलदार गोष्ट केली. ही सगळी फजिती दुरुस्त करताना यूट्यूबवर लाइव्ह दाखवली आणि काय चुकलं ते सविस्तर लिहिलं. इंजिनिअरला काढलंही नाही.

म्हणून या रविवारी जेवायला मामांकडं जा. तांबडा-पांढरा झाला की सॉफ्टवेअर उघडायला सांगा आणि म्हणा, २०२२ च्या दिवाळीतलं एखादं बिल काढून दाखवा. नुसतं पडद्यावर नको, सगळी खतावणी एक्सेलमध्ये डाऊनलोड करून पेनड्राइव्हवर द्या. निघालं तर पेनड्राइव्ह वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवा, टेबलाखाली नको. नाही निघालं तर मामांच्या चेहऱ्याकडं बघून समजेलच. आणि परत येताना बसमधून मागच्या वर्षीच्या जीएसला एक फोन लावा.